उन्हाळ्यात ऊसिस्ट फुटत नाहीत: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

मार्च संपत आला की नागपुरातल्या लॅबमध्ये ही तक्रार ठरलेली. थंडीत क्रिप्टोस्पोरिडियम या हगवण लावणाऱ्या परजीवीचे ऊसिस्ट (त्याची कवचबंद अवस्था) शंभरातले ऐंशी-नव्वद फुटत होते, आता निम्मेही फुटत नाहीत. प्रोटोकॉल तोच, माणूस तोच, लॉट तोच. मग कोणीतरी म्हणतं, बाइल सॉल्ट (ऊसिस्ट उघडायला वापरायचा पित्तातला क्षार) खराब झालं असेल. नवीन मागवलं जातं, ते यायला तीन आठवडे लागतात, आणि ते आल्यावरही आकडा जागचा हलत नाही.

बाइल सॉल्टवर पहिला संशय जातो कारण ती कपाटातली महाग बाटली असते. माझ्या मते तिचा नंबर यादीत बराच खाली लागतो. त्याआधी मोजणी, साठवण, दोन पायऱ्यांमधला वॉश आणि वॉटर बाथ, या चार गोष्टी बघायच्या. याच क्रमानं, कारण पहिल्या दोन तपासायला पैसेच लागत नाहीत.

ट्यूबमध्ये घडायला काय हवं ते थोडक्यात. क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हमचा ऊसिस्ट साधारण 4 ते 6 मायक्रॉनचा, आत चार स्पोरोझोइट (आतड्यात संसर्ग करणारे सूक्ष्म जीव) आणि एक रेसिड्युअल बॉडी, म्हणजे उरलेल्या द्रव्याचा गोळा. कवचावर एक शिवण असते, ती उघडली की स्पोरोझोइट बाहेर पडतात. वासराच्या पोटात हे काम अंगाची ऊब, जठरातलं आम्ल आणि आतड्यातलं पित्त करतं. लॅबमध्ये आपण तीच परिस्थिती उभी करतो: आधी आम्ल, मग वॉश, मग बायकार्बोनेट आणि बाइल सॉल्ट, सगळं 37 अंशांवर. आयमेरिया या आतड्यातल्या दुसऱ्या परजीवीवर काम केलेली मंडळी इथे थोडी गोंधळतात. तिथे आधी ऊसिस्टची भिंत काचेच्या मण्यांनी फोडावी लागते, मग आतले स्पोरोसिस्ट (स्पोरोझोइट असलेल्या छोट्या पिशव्या) ट्रिप्सिन आणि पित्तानं उघडावे लागतात. क्रिप्टोमध्ये स्पोरोसिस्ट नसतातच आणि मण्यांची गरजही नसते. मणी घातले तर उलट नुकसानच.

आधी मोजणी

नव्या पोट्ट्यांचा नेहमीचा सूर: “ताई, काहीच दिसत नाही हो, एकही स्पोरोझोइट नाही.” खरं तर स्लाइडवर रिकामी कवचं भरपूर असतात. मायक्रोस्कोपच्या साध्या ब्राइटफील्डमध्ये ती जवळजवळ अदृश्य असतात, म्हणून नजरेतून सुटतात. फेज कॉन्ट्रास्ट किंवा डीआयसी (पारदर्शक गोष्टी उठून दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपच्या सोयी) लावलं, की भरलेला ऊसिस्ट चमकदार, आत दाणेदार दिसतो आणि रिकामं कवच फिकट, कुठेतरी चिरलेलं. त्या चिरेकडे नीट बघा. कधी कधी एखादा स्पोरोझोइट अर्धा बाहेर, अर्धा आत अडकून वळवळताना दिसतो. तो ऊसिस्ट अर्धवट फुटलेला धरायचा आणि फुटलेल्यांतच मोजायचा.

टक्केवारी कवचांवरून काढायची, स्पोरोझोइटांवरून नाही. रिकामे आणि अर्धवट फुटलेले मिळून जी संख्या येते तिला एकूण ऊसिस्टनी भागायचं आणि शंभरनं गुणायचं. स्पोरोझोइट वेगळे मोजायचे आणि दर रिकाम्या कवचामागे किती सापडतात ते बघायचं. हिशेबानं चार यायला हवेत, प्रत्यक्षात कमीच येतात, कारण बाहेर पडलेला स्पोरोझोइट नाजूक असतो आणि 37 अंशांवर काही तासांत विरघळून जातो. म्हणजे कवचं रिकामी पण स्पोरोझोइट गायब, असं दिसलं तर फुटण्यात काही बिघाड नाही. तुम्ही उशिरा बघताय, किंवा बाहेरचं द्रावण त्यांना मारतंय.

शून्य तासाची स्लाइड बहुतेक जण करत नाहीत. ट्रीटमेंटच्या आधी त्याच लॉटमधला थेंब घेऊन किती कवचं आधीच रिकामी आहेत ते मोजून ठेवा. जुन्या किंवा तापलेल्या लॉटमध्ये ती भरपूर असतात. ती वजा केली नाहीत, तर जानेवारीतला झकास आकडाही निम्मा फुकटचा असू शकतो. तसे आधीच फुटलेले ऊसिस्ट वॉशमध्ये सुपरनेटंटबरोबर (वर राहिलेल्या द्रावणाबरोबर) निघून गेले, की आकडा पुन्हा वेगळा येतो. एका स्लाइडवर निदान शंभर ऊसिस्ट मोजा, त्याहून कमी मोजून टक्केवारी लिहू नका.

सोबत एक मारलेला कंट्रोल ठेवा: त्याच लॉटचे ऊसिस्ट 70 अंशांच्या वर अर्धा तास तापवून. ते फुटायला नकोत. त्यातही वीस-पंचवीस टक्के “फुटलेले” दिसत असतील तर मोजणाऱ्याच्या डोळ्याला सवय नाही, किंवा कवचं यांत्रिकपणे फाटताहेत. जोरात व्होर्टेक्स केल्यानं, स्लाइडवर कव्हरस्लिप दाबल्यानं असं होतं.

फ्रीजची मागची भिंत

आता उन्हाळ्याचा खरा भाग. ऊसिस्ट 4 अंशांवर ठेवायचे, अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये किंवा अँटिबायोटिक घातलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरचं क्षारद्रावण), हे सगळ्यांना पाठ असतं. पण एप्रिलमध्ये खोली 40 च्या पुढे गेली, की कोणीतरी फ्रीजचा डायल पूर्ण फिरवतं. दिवसभर दार उघड-मीट असते तोवर ठीक चालतं. रात्री दार बंद, आत सामान कमी, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या ट्यूबमध्ये बर्फ धरतो. सकाळी पहिला माणूस दार उघडेपर्यंत तो वितळलेलाही असतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. गोठणं क्रिप्टोच्या ऊसिस्टला मानवत नाही. डीप फ्रीजरच्या उणे 20 मध्ये ते एका दिवसातच बहुतेक मरतात, आणि भिंतीपाशी हळूहळू गोठून पुन्हा वितळणंही लॉटची वाट लावायला पुरेसं असतं.

तपासायचं सोपं आहे. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून ट्यूबच्या रॅकशेजारी दोन रात्री ठेवा. फ्रीजच्या दारावरचा आकडा हवेचा असतो, त्यावर विसंबू नका. रॅक मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

याच्या उलटंही होतं. कामठी, हिंगणा, काटोलकडच्या गोठ्यांतून हगवण लागलेल्या वासरांचे नमुने येतात, आणि ते येतात स्कूटरच्या डिक्कीत. दुपारी दोनच्या उन्हात बंद डिक्की किती तापते ते वेगळं सांगायला नको. आइसबॉक्स असतो पण जेलपॅक सकाळीच वितळलेला असतो. 2013 च्या 23 मे रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. ते तापमान सावलीतलं, हवेतलं. बंद पत्र्याच्या पेटीतलं त्याहून कितीतरी जास्त. ऊसिस्ट 64 अंशांवर काही मिनिटांतच संसर्गक्षमता गमावतात. डिक्की तिथवर पोचली नाही तरी तासन्तास 45-50 अंशांत राहिलेला नमुना म्हातारा झालेला असतो. असे लॉट शून्य तासाच्या स्लाइडवर लगेच ओळखू येतात: आधीच रिकामी कवचं खूप, आणि भरलेल्यांपैकी बऱ्याच ऊसिस्टच्या आतला भाग आक्रसून एका बाजूला गोळा झालेला.

लॉटचं वयही लिहून ठेवा. नीट साठवले तरी तीन महिन्यांनंतर आकडा उतरायला लागतो, सहा महिन्यांच्या लॉटकडून ताज्या लॉटची अपेक्षा करणं अन्यायाचं. हिवाळ्यात गोळा केलेला लॉट एप्रिलमध्ये वापरला आणि दोष उन्हाला दिला, असं सर्रास होतं.

आणखी एक बघा: नमुना वासराचाच आहे ना? मोठ्या गायीच्या शेणात क्रिप्टोस्पोरिडियम अँडरसोनी असू शकतो. तो जठरात राहतो, त्याचा ऊसिस्ट मोठा आणि लांबट असतो, साधारण 7.4 बाय 5.5 मायक्रॉन. पार्व्हमसाठी बसवलेला प्रोटोकॉल त्यावर तसाच चालेल असं धरून चालू नका. मायक्रोमीटरनं दहा-वीस ऊसिस्ट मोजले की शंका फिटते.

बायकार्बोनेट: 2.2 काय, टक्के की मिलीमोलर?

मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला बिघाड इथला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रचलित पद्धती ढोबळ मानानं दोन. लांबच्या पद्धतीत पीएच 2.7 चं आम्लयुक्त एचबीएसएस (हँक्सचं क्षारद्रावण), 37 अंशांवर तासभर, मग वॉश, मग 2.2 टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि 1 टक्का बैलाचं पित्त, 37 अंशांवर चार तासांपर्यंत. छोट्या पद्धतीत 10 मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल दहा मिनिटं, मग सुमारे 2 मिलीमोलर सोडियम टॉरोकोलेट (हेच ते बाइल सॉल्ट), आणि काही प्रोटोकॉलमध्ये त्यासोबत 2.2 मिलीमोलर बायकार्बोनेट. दोन्हीकडे 2.2 हाच आकडा असल्यानं वहीत उतरवताना एकक गळतं आणि नंतर येणारा माणूस आपल्या मनानं घालतो.

फरक किती पडतो ते बघा. 2.2 टक्के म्हणजे लिटरला 22 ग्रॅम. बायकार्बोनेटचा रेणुभार 84, म्हणजे सुमारे 262 मिलीमोलर. शंभरपटीहून जास्त. लांबच्या पद्धतीत थोडं आम्ल पेलेटमध्ये (सेंट्रिफ्यूजनंतर तळाला बसलेल्या ऊसिस्टच्या थरात) राहिलं तरी एवढं बायकार्बोनेट ते सहज गिळतं. छोट्या पद्धतीत तसं नाही. 200 मायक्रोलिटर द्रावणात 2.2 मिलीमोलर बायकार्बोनेट म्हणजे 0.44 मायक्रोमोल. पेलेटवर 10 मिलीमोलर आम्लाचे 50 मायक्रोलिटर राहिले, तर त्यात 0.5 मायक्रोमोल आम्ल. संपला विषय, बायकार्बोनेट सगळं खर्च झालं आणि ट्यूब आम्लच राहिली. 50 मायक्रोलिटर म्हणजे ट्यूबच्या तळाला दिसेल न दिसेल एवढा थेंब. पेलेट निघून जाईल या भीतीनं तो थेंब मुद्दाम ठेवला जातो, आणि ती भीती खोटी नाही, कारण क्रिप्टोचं पेलेट फारच सैल असतं.

उपाय: पेलेटवर थोडं राहू द्या, पण आम्लानंतर एकदा नाही, दोनदा पीबीएस किंवा एचबीएसएसनं वॉश द्या. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा. सुपरनेटंट ओतू नका, बारीक टिपनं वरून काढा. ऊसिस्ट प्लास्टिकला चिकटतात, म्हणून वॉशमध्ये 0.01 टक्का ट्वीन 20 घातलेलं बरं. दर वॉशनंतर सुपरनेटंटचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला, की माल कुठे गळतोय तेही कळतं.

पीएच मीटरची सळई एवढ्याशा ट्यूबमध्ये जात नाही, तेव्हा फिनॉल रेड (पीएचप्रमाणे रंग बदलणारं रसायन) असलेलं एचबीएसएस वापरा. आम्लात ते पिवळं, 7.4 च्या आसपास लालसर, 8 च्या वर गुलाबी-जांभळट. बायकार्बोनेट आणि टॉरोकोलेट घातल्यावर रंग पिवळ्याचा लाल झाला पाहिजे. पिवळटच राहिला तर पुढचा वेळ वाया घालवू नका, वॉश पुन्हा करा. बैलाचं पित्त वापरत असाल तर त्याचाच हिरवट-तपकिरी रंग हे झाकतो, तिथे पीएच पट्टी वापरा.

उन्हाळ्याचा संबंध इथेही आहे. बायकार्बोनेटचं द्रावण गरम खोलीत, अर्ध्या रिकाम्या बाटलीत राहिलं, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि पीएच चढतो. सुरुवातीला 8 च्या जवळ असलेली बाटली महिन्याभरानं 9 कडे सरकलेली सापडते. फिनॉल रेड घातलेली असेल तर ती भडक जांभळट गुलाबी दिसते. हे द्रावण ताजं करायला पाच मिनिटं लागतात आणि पावडर स्वस्त आहे. रोजचं रोज करा. ऑटोक्लेव्ह करू नका, गाळून घ्या.

वॉटर बाथ गरम करतो, थंड नाही

हे वाचून हसू येईल, पण मे महिन्यात अनेक ठिकाणी खरं आहे. साध्या वॉटर बाथला हीटर असतो, कूलिंग नसतं. एसी बंद, कूलरवर भागवलेलं, दुपारी खोली 41 अंशांवर, आणि बाथ 37 वर “सेट” केलेला. पाणी खोलीच्या तापमानाकडेच जाणार. दिवा विझलेला दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं तापमान जमलं. लांबच्या पद्धतीत चार तास असं चाललं, की कवचं फुटतात पण स्पोरोझोइट टिकत नाहीत. मग वर सांगितलेलं चित्र दिसतं: कवचं रिकामी, बाकी काही नाही. पाण्यात स्वतंत्र थर्मामीटर टाका. काम सकाळी आठला सुरू करा, किंवा कूलिंग असलेला इनक्युबेटर मिळत असेल तर तो वापरा.

काही छोट्या पद्धतींत टॉरोकोलेट घातल्यावर दहा मिनिटं 15 अंशांवर ठेवून मग 37 वर नेतात, म्हणजे सगळे ऊसिस्ट साधारण एकाच वेळी फुटतात. ही पायरी “रूम टेंपरेचर” असं समजून करणारे आहेत. नागपूरची रूम आणि 15 अंश यांचा वर्षातल्या मोजक्या रात्री सोडल्या तर संबंध येत नाही. बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात थर्मामीटर ठेवून 15 वर आणा.

लोडशेडिंगबद्दल एवढंच: चार तासांच्या इनक्युबेशनमध्ये वीज गेली तर ती खेप टाकून द्या आणि वहीत तसं लिहा.

आता बाइल सॉल्ट

इथवर सगळं ठीक असेल तरच बाटली हातात घ्या, आणि आधी लेबल वाचा. सोडियम टॉरोकोलेट, सोडियम टॉरोडीऑक्सिकोलेट आणि सोडियम डीऑक्सिकोलेट ही तीन वेगळी रसायनं आहेत. मागणीपत्रात मधला शब्द गळला आणि सोडियम डीऑक्सिकोलेट आलं, तर दोन भानगडी होतात. एक, पीएच 7 च्या खाली ते जेलसारखं घट्ट होतं किंवा साका बनून खाली बसतं. ट्यूब दुधाळ झाली, पिपेट केल्यावर तार सुटली, तर हेच समजा. टॉरीन जोडलेले क्षार आम्लातही विरघळलेले राहतात, ते असं करत नाहीत. दोन, ते कडक डिटर्जंट आहे, स्पोरोझोइटचं आवरण फोडून टाकतं.

बाटली बरोबर असेल तर पावडर बघा. ही पावडर ओलावा धरते. कूलर चालू असलेल्या खोलीत झाकण उघडं ठेवून वजन केलं, की आठवड्याभरात गुठळ्या होतात, आणि मग तुम्ही जे तोलता त्यात पाणी किती ते कोण सांगणार. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा, एकदाच तोलून द्रावण करा, छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवून ठेवा. ऊसिस्टला गोठणं चालत नाही, टॉरोकोलेटला चालतं. दोन्हींचे रॅक शेजारी ठेवू नका.

ट्रिप्सिन घालायचं का, असं विचारतात. काही प्रोटोकॉलमध्ये असतं. पार्व्हमच्या ताज्या लॉटला मला त्याची गरज वाटलेली नाही, आणि बिघाड शोधताना जितकी द्रावणं कमी तितकं बरं.

डायक्रोमेटमधले ऊसिस्ट नीट न धुताच आम्लात टाकणं हेही एक कारण असतं. डायक्रोमेट जोरदार ऑक्सिडायझर आहे. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत वॉश करा. तो राहिला तर फिनॉल रेडचा रंगही फसवतो.

आकडा चांगला आला, पण त्याचा अर्थ काय

पाणीशुद्धीकरणाच्या कामासाठी हा प्रयोग करणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. कन्हान, गोरेवाडा, पेंच असं पाणी, त्यावर क्लोरीन किंवा यूव्ही, आणि “परजीवी मेला का?” हा प्रश्न. क्रिप्टोचा ऊसिस्ट नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत नळाच्या पाण्यातून अंदाजे 4 लाख 3 हजार लोक आजारी पडले, ते क्लोरीन घातलेलंच पाणी होतं. गंमत म्हणजे बऱ्याच लॅबमध्ये ऊसिस्टचा पृष्ठभाग साफ करायला बर्फावर ठेवून ब्लीच लावतात, आणि त्यानंतर ते जास्तच चांगले फुटतात.

यूव्हीचं उलट आहे. यूव्ही डीएनए बिघडवतो, त्यामुळे परजीवी आतड्यात वाढू शकत नाही, पण कवच उघडण्याची यंत्रणा शाबूत राहते. म्हणून यूव्ही दिलेले ऊसिस्ट ट्यूबमध्ये ऐटीत फुटतात, स्पोरोझोइट हालचालही करतात, आणि संसर्ग मात्र करू शकत नाहीत. डीएपीआय आणि प्रोपिडियम आयोडाइडच्या रंगचाचणीचीही तीच गत. यूव्ही युनिटच्या चाचणीत एक्सिस्टेशनचा (ऊसिस्ट फुटण्याचा) आकडा उतरला नाही म्हणून युनिट निकामी ठरवू नका. तिथे पेशी संवर्धनातली संसर्ग चाचणी हवी. उष्णता किंवा गोठण्याचा परिणाम बघायचा असेल तर मात्र एक्सिस्टेशन कामाचं आहे.

हातांचं तेवढं सांभाळा. निरोगी स्वयंसेवकांवरच्या 1995 च्या अभ्यासात पार्व्हमच्या एका स्ट्रेनचे अंदाजे 132 ऊसिस्ट निम्म्या लोकांना संसर्ग व्हायला पुरले होते, आणि तुमच्या एका ट्यूबमध्ये लाखो असतात. सॅनिटायझरचा उपयोग नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं. बेंच ब्लीचनं पुसून समाधान मानू नका, सांडलं तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरपूर वेळ ठेवून पुसा. उरलेला माल आणि टिप ऑटोक्लेव्हमध्ये. डायक्रोमेटचा वॉश मात्र ऑटोक्लेव्हमध्येही नाही आणि सिंकमध्येही नाही. त्यातलं षट्संयोजी क्रोमियम विषारी असतं, त्याची बाटली वेगळी ठेवून रासायनिक कचऱ्यात द्यायची.